शेअर बाजार आपला नाही, हे कोणी ठरवलं?

परदेशातून शिकून १९१७ साली परतलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. गिऱ्हाईकं येऊ लागली. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ती यायची थांबली आणि पेढी बंद पडली. सल्ला चुकला म्हणून नाही, जात कळली म्हणून.

म्हणून 'शेअर बाजार हा शेठजी-भटजींचा जुगार, चळवळीच्या माणसाने तिकडे फिरकू नये' हे आम्हाला मान्य नाही. भांडवलापासून आपल्याला दूर ठेवलं गेलं. आता आपण स्वतःहून दूर राहिलो तर फायदा कुणाचा?

पण आमच्या कनेरगाव नाक्यावर जे चाललंय तेही आम्हाला मान्य नाही. चहाच्या टपरीवर पोरं मोबाईलवर ऑप्शनचे भाव बघत बसतात. कुणी बापाच्या सोयाबीनचे पैसे लावतो, कुणी उसने. सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये १०० पैकी ९३ सामान्य लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर! ही गुंतवणूक नव्हे, लूट आहे.

मग बाजार हेलकावे खात असताना कोणतं क्षेत्र निवडायचं? मंदी आली तरी माणूस औषध, साबण, मीठ, चहापत्ती घेतोच. म्हणून औषध आणि रोजच्या वापराच्या वस्तूंच्या कंपन्या सहसा कमी पडतात, तेजीत वाढतातही सावकाश. पोलाद, सिमेंट, गाड्या तेजीत पळतात आणि मंदीत आपटतात. आयटीचा धंदा अमेरिकेवर टिकून, बँकांचा व्याजदर आणि थकबाकीवर.

सरकारी कंपन्यांचं भवितव्य दिल्लीच्या हातात. ४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागत होते. सेन्सेक्स एका दिवसात सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला आणि सरकारी कंपन्यांना मोठा फटका बसला. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: खाजगीकरणाच्या बातमीने शेअर चढतो, तेव्हा तिथल्या आरक्षणाच्या जागा धोक्यात येतात. नफा मोजताना हेही मोजा.

कोणतं क्षेत्र उद्या चढेल हे छातीठोक सांगणारा एकतर भोळा असतो नाहीतर लबाड. आपला शेतकरी सोयाबीनमध्ये तुरीचं तास घालतो ते उगाच नाही. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी राहावं म्हणून. तेच इथे करा. निवड जमत नसेल तर निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात महिन्याला ५०० रुपये टाका. त्यात अनेक क्षेत्रं आपोआप येतात.

पण त्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत हवा. कर्जाचा, फीचा, बियाण्याचा पैसा बाजारात नको. पाच-सात वर्षं हात लावावा लागणार नाही, तोच पैसा लावा. कारण बाजार पडला की घरात पैसा असलेला थांबतो, आणि गरजवंत पडत्या भावात विकून बाहेर पडतो. आपल्यात गरजवंतच जास्त, म्हणून सावधगिरीही आपल्यालाच जास्त हवी. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का, तेही तपासा.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या लेकरांनी टेलिग्रामच्या टीपवर पैसा लावावा, हे शोभत नाही. आधी वाचा, मग गुंतवा.

जय भीम!