गुत्त्याची वही

दारू सरकारनं विकावी की शेठनं, या वादात आपली कॉलेजातली पोरं रात्र रात्र जागतात. तामिळनाडूत 2003 पासून किरकोळ दुकानं सरकारी महामंडळ चालवतं. दिल्लीनं नोव्हेंबर 2021 मध्ये सगळी खाजगी केली, एकावर एक फुकट बाटल्या खपवल्या, अन् सप्टेंबर 2022 ला गपगुमान सरकारी गल्ल्यावर परत आली. आपल्याकडं खाजगीकरण करायला उरलंय काय? महाराष्ट्रात सरकार परवाना देतं, कर घेतं. गल्ल्यावर शेठच बसतो. पेणच्या नायतर रोह्याच्या बाजारात जाऊन बघा.

हे आजचं नाही दोस्तांनो. 1878 चा आबकारी कायदा आला, मक्तेदार माजले. 1892 च्या कायद्यानं ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच बेडी घातली. रान कातकऱ्याचं, फुलं त्यानं वेचलेली, अन् चोर पण तोच! त्या कुलाब्याचा 1981 ला रायगड झाला. पाटी बदलली, गल्ला तोच.

मग दारूबंदी करा, म्हणेल कुणी. बाबासाहेबांनी 1956 ला नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. पण त्यांच्याच शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या 1951 च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदी उठवा, असं आहे. तिजोरीत पैसा पाहिजे म्हणून. यात विसंगती शोधणाऱ्यांनी खुशाल शोधावी. माणसानं स्वतः सोडणं वेगळं, फौजदारानं झोपडीत शिरून मडकी फोडणं वेगळं.

मला विचाराल तर, विकायचीच असेल तर सरकारनं विकावी. कारण एकच, उधारी. दिवाळी सरली की कातकरी वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतो. मुकादमाची उचल आधीच अंगावर. त्यात गुत्तेवाल्याची वही. घाम गाळायच्या आधी मजुरी दोघांत वाटून मोकळी! धाटावच्या कंत्राटी पोरांनो, तुमचं काय वेगळंय? पगारी नोकर वही ठेवत नाही. बाटली खपो न खपो, त्याचा पगार तोच.

सरकार धुतल्या तांदळाचं आहे असं मी म्हणत नाही. त्यालाही कमाईची चटक आहे. जून 2025 मध्ये विदेशी दारूवरचं शुल्क वाढवलं ते काय आमच्या लिव्हरच्या काळजीनं? म्हणून दुकान ठेवायचं की आडवी बाटली करायची, हे वस्तीतल्या बायांनीच ठरवावं. पण यादीत नाव गावातलं अन् बाई भट्टीवर, तर मत टाकणार कोण? मतदान पावसाळ्यात घ्या, बाया घरी असतात तेव्हा.