जरीचा मुलामा आणि शास्त्रज्ञांची सभा

लग्नसराई जवळ आली की गोव्यातील, कारवारकडील आणि तळकोकणातील कितीतरी कुटुंबे बस्ता बांधण्यासाठी घाट चढून बेळगाव गाठतात. तेथून येणाऱ्या साड्यांपैकी पुष्कळशा वडगाव, शहापूर, खासबाग या विणकरांच्या वस्त्यांतून विणल्या जातात. अशी एखादी साडी दोन पावसाळ्यांनंतर पेटीतून काढावी, तो तिचे काठ काळवंडलेले दिसावेत, हा अनुभव किनाऱ्यावरील गृहिणींना नवा नाही. ठपका मात्र विणकरावर येतो. वस्तुतः विणीत काहीच उणे नसते. उणे असते ते जरीच्या मुलाम्यात, आणि मुलामा हा विद्युत्-रसायनशास्त्राचा विषय होय.

खरी जर म्हणजे रुप्याची बारीक तार चेपून धाग्यावर गुंडाळायची व तिच्यावर विजेच्या साहाय्याने सोन्याचे पाणी चढवायचे. नकली जरीत रुप्याच्या जागी तांबे येते आणि त्यावर रुप्याचा पातळ थर बसतो. हा थर अतिशय विरळ असला की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून दमट, खारी हवा तांब्यापर्यंत पोचते, आणि दोन धातू व ओलावा एकत्र आले की झीज आपोआप सुरू होते. खुद्द रुपेही हवेतील गंधकाच्या संयुगांनी काळे पडतेच. आमच्या मच्छीमारांना हे शास्त्र वेगळ्या रूपाने परिचयाचे आहे. ट्रॉलरच्या पोलादी बुडाला जस्ताच्या वड्या ठोकतात, त्या एवढ्याचसाठी की समुद्राने आधी जस्त खावे आणि पोलाद सोडावे. जरीच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. वरचे रुपे टिकते आणि आतले तांबे खाल्ले जाते.

मुलाम्याची जाडी ही अंदाजाची बाब नव्हे. मायकेल फॅरडेने १८३० नंतरच्या दशकात घालून दिलेल्या नियमानुसार एक अँपिअर प्रवाह एक तास सोडला असता सुमारे ४ ग्रॅम रुपे तारेवर बसते. कमी नाही, जास्त नाही. थर किती द्यायचा हे कारखानदाराला पुरते ठाऊक असते. ठाऊक नसते ते जरीचे रीळ विकत घेणाऱ्या वडगावच्या विणकराला. अलीकडे जर म्हणून जो चकचकीत धागा सर्रास वापरला जातो, तो तर प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून व त्याच्या चिंधोट्या कापून केलेला असतो. असे सूक्ष्म थर हा घनावस्था विज्ञानाचा प्रांत. विणकराच्या हातातील कांडीवर अशी दोन शास्त्रे गुंडाळलेली असतात आणि त्या शास्त्रांच्या पंडितांपैकी एकाचीही त्याच्याशी गाठ पडलेली नसते.

हे असेच असावयाचे, असे कोणी म्हणेल तर आम्ही त्यांना या शास्त्राच्या व्यावसायिक संघटनेचा आरंभ आठवून पाहण्यास सांगू. १९०२ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची विद्युत्-रसायन संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष जोसेफ रिचर्ड्स हे धातुशास्त्राचे प्राध्यापक. पण १९०८ साली त्याच खुर्चीवर एडवर्ड ॲचेसन बसले, ज्यांना घरच्या ओढगस्तीमुळे कोवळ्या वयातच शाळा सोडावी लागली होती. विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार करणारे ते हेच. बेळगावच्या उद्यमबागेत कार्बोरंडमच्या चाकावर हत्यारांना धार लावणाऱ्या किती कारागिरांना ही कथा कोणी सांगितली असेल? प्राध्यापक, कारखानदार आणि स्वयंशिक्षित संशोधक एका सभेत बसले म्हणून ती संस्था वाढली, आणि पुढे अर्धवाहकांपर्यंत तिचा व्याप पोचला.

आपल्याकडेही प्रारंभ उमदाच झाला होता. कापडाच्या गिरण्या चालविणाऱ्या अळगप्पा चेट्टियार यांनी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले म्हणून तामिळनाडूतील कारैकुडी या आडगावी केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ च्या जुलैत पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसविली व १९५३ च्या संक्रांतीला डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. बंगळूर येथे १९६४ पासून इलेक्ट्रोकेमिकल सोसायटी ऑफ इंडिया आहे. त्याच नगरीत घनावस्था रसायनशास्त्राला जगात मान मिळवून देणारे प्रा. सी. एन. आर. राव यांना २०१४ साली भारतरत्न प्रदान झाले. विद्वत्तेची वाण नाही. लिथियमच्या विद्युत्घटांसाठी २०१९ चे नोबेल पारितोषिक दिले गेल्यापासून तर या शास्त्राला बरे दिवस आले आहेत, आणि परिषदांतून विद्युत्घटांखेरीज दुसरे फारसे ऐकू येत नाही, अशी आमची तक्रार आहे. मुलामा आणि गंज हे जणू जुन्या पिढीचे विषय झाले!

पण गंज थांबलेला नाही, आणि मुलाम्याच्या हौदांवर माणसे राबतच आहेत. रुप्याच्या हौदात बहुधा सायनाइडचे क्षार असतात. त्यात चुकून आम्ल पडले तर प्राणघातक वायू निघतो. बेळगाव ज्या हायड्रॉलिक यंत्रांसाठी ओळखले जाते, त्यांच्या दांड्यांना क्रोमियमचा कठीण थर लागतो, आणि त्या हौदातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, हे आता निर्विवाद ठरले आहे. तेथे उभ्या असणाऱ्या पोराला हे त्याच्या भाषेत सांगणे हे काम कोणाचे? केवळ कारखाना निरीक्षकाचे, असे आम्हांस वाटत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे १९९८ पासून बेळगावातच आहे; अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत; बंगळूरची सोसायटी एका रात्रीच्या प्रवासावर आहे. या तिघांनी मिळून महिन्यातून एक संध्याकाळ वडगावात सभा भरवावी. ती मराठीत व कानडीत व्हावी. सीमाप्रश्नाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, गंजाला दोन्ही भाषा सारख्याच. सराफ सोन्याचा कस पाहण्यासाठी जे क्ष-किरणांचे यंत्र वापरतात, तसल्याच यंत्राने जरीवरील थर काही मिनिटांत मोजता येतो. असे एक यंत्र विणकरांच्या सहकारी संस्थेत ठेवून रीळ घेण्यापूर्वी ते तपासून देण्याची सोय व्हावी. सोसायटीने आपल्या सभासदत्वाच्या अर्जातील पदवीचा रकाना मुलामा देणाऱ्या जाणत्या मिस्त्रीसाठी मोकळा सोडावा, आणि त्याची वर्गणी पहिली काही वर्षे कारखानदारांनी भरावी. विद्यापीठाच्या कुलगुरूंनी येत्या आषाढात, वडगावात मंगाईदेवीची यात्रा भरते त्याच्या आसपास, पहिल्या सभेची तारीख जाहीर केली, तर किनाऱ्यावरून त्या सभेला जाण्यास आम्ही स्वतः तयार आहोत. येताना घरातील काळवंडलेली एक साडीही बरोबर आणू.