कादंबरीत आपला माणूस कोणत्या बाजूला?



बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना सुट्टीत कोणत्या ऐतिहासिक आणि अद्भुत कादंबऱ्या वाचायला द्याव्यात, तुमच्या घरात कोणत्या आवडल्या, असे या सदरातून विचारले होते. बरीच पत्रे आली, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपही आले. मराठी पुस्तकांत 'छावा', 'श्रीमान योगी' आणि 'स्वामी' ही नावे सगळ्यांत जास्त वेळा आली. उर्दू वाचणाऱ्या घरांतून नसीम हिजाजी. हे अपेक्षितच होते. पण नववीतल्या एका मुलीने वहीच्या पानावर लिहून पाठवलेले पत्र मी तीनदा वाचले. ती लिहिते की, ऐतिहासिक कादंबऱ्या तिला फार आवडतात, पण त्यात तिच्या दादाजानच्या नावाचा माणूस आला की पान उलटायची भीती वाटते, कारण तो काहीतरी वाईटच करणार असतो. अब्बू म्हणतात, अशी पुस्तके घरात आणूच नको. मॅडम, तुम्ही सांगा.

मी सांगते, आण. पण एकटे पुस्तक आणू नको, त्याच्या सोबतीला दुसरे आण.

आपल्याकडच्या जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लिहिल्या गेल्या. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते, लेखकाला लोकांत स्वाभिमान जागवायचा होता. त्या ओघात एक बाजू उजळ आणि दुसरी काळी झाली. 'यवन' हा शब्द पानोपानी येतो. हे मुलांपासून लपवून काय उपयोग? त्यांना तो शब्द शाळेच्या पटांगणातही ऐकू येतो. त्यापेक्षा घरात बसून सांगावे की, १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणाऱ्या मोगली फौजेचा मुख्य सेनापती मिर्झाराजा जयसिंह होता. कोंढाण्यावर तानाजी मालुसऱ्यांशी लढलेला किल्लेदार उदेभान राठोड रजपूत होता. अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता, आणि शिवाजी महाराजांच्या आरमारावर दौलतखान नावाचा अधिकारी होता. या चार-पाच गोष्टी माहीत असलेल्या मुलाला हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' खुशाल द्यावी. तो ती आवडीने वाचेल आणि घाबरणारही नाही. लढाई राज्यांची होती, हे त्याला आधीच ठाऊक असेल.

आता थोडे आपल्या कपाटाकडे पाहू. नसीम हिजाजींची शिफारस करणाऱ्या पत्रांत एक सूर होता: यात आपला इतिहास आहे, मुलांना हिंमत येते. हिजाजी वाचकाला धरून ठेवतात, यात शंका नाही. 'शाहीन' हातात घेतले की गरनाता पडेपर्यंत खाली ठेवता येत नाही. पण नीट पाहा, तिथेही तेच आहे, फक्त आरसा उलटा धरलेला. आपला मुजाहिद देखणा, शूर, पाक आणि समोरचा भित्रा नाहीतर कपटी. ज्या गोष्टीने त्या नववीतल्या मुलीचे मन दुखते, तीच गोष्ट आपल्या बाजूने लिहिली की आपण तिला तालीम म्हणायचे, हे मला पटत नाही. हिजाजी द्या, पण मुलाला विचारा: समोरच्या फौजेतल्या एखाद्या शिपायाला घरी आई असेल का? लेखकाने तिला एक ओळ तरी दिली का? हाच प्रश्न 'छावा' वाचल्यावरही विचारा.

माझी स्वतःची पहिली शिफारस पंधरा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहे: विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८). जाड पुस्तक आहे, त्यामुळे आधी कुरकुर होईल. पण यात इब्राहिमखान गारदी आहे. बुसीच्या हाताखाली फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला हा माणूस १७६० मध्ये उदगीरला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतला मराठ्यांच्या बाजूने लढला. तोफखाना आणि कवायती पलटणी त्याच्याकडे होत्या. लढाईनंतर तो जखमी अवस्थेत पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. आणि दुसऱ्या बाजूला पाहावे तर शुजाउद्दौलाच्या पदरी काशीराज पंडित होता. त्याने या लढाईची हकीकत फारसीत लिहून ठेवली, आणि आजचे इतिहासकार तिचा आधार घेतात. अब्दालीच्या गोटात दख्खनी ब्राह्मण आणि भाऊसाहेबांच्या तोफांवर मुसलमान. मुलांना हे कादंबरीतून कळते तेव्हा ते जास्त काळ लक्षात राहते. पाठ्यपुस्तकात गारद्याला एखादी ओळ मिळते, ती परीक्षेनंतर विसरली जाते.

दुसरे नाव 'वज्राघात', तेही हरिभाऊंचेच. विजयनगरच्या पाडावाची, म्हणजे १५६५ च्या तालिकोट लढाईच्या काळाची ही गोष्ट आहे आणि मेहेरजान नावाची मुस्लिम स्त्री तिच्या मध्यभागी आहे. भाषा जुनी आहे, वाक्ये लांबलचक आहेत. मोठ्याने वाचून दाखवली तर सोपी जाते.

त्या लढाईत आपल्या नगरचा हुसेन निजामशहाही होता. त्याची मुलगी चांदबीबी. आपल्या भागातल्या मुलींना तिच्याबद्दल किती माहिती असते? शेवगावहून एसटीने नगरला जाताना पाथर्डी रस्त्यावर डोंगरावर ती तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, तिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. खरे तर तो सलाबतखानाचा मकबरा आहे. चांदबीबीची जागा आहे ती नगरच्या किल्ल्यात. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेने वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा तिने रातोरात तो पुन्हा उभा करवून घेतला. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला. १६०० मध्ये दुसरा वेढा पडला तेव्हा ती फितूर झाली, अशा संशयाने तिच्याच माणसांनी तिला मारले. वेढा घालणारे मुसलमान, लढणारी मुसलमान, मारणारे तिचेच लोक. एवढी मोठी गोष्ट आपल्या तालुक्यापासून अडीच तासांच्या आत घडली! अमर चित्र कथेत तिच्यावर छोटे पुस्तक आहे, ते सहावी-सातवीला चालेल. इंग्रजी चांगले असणाऱ्या दहावी-अकरावीच्या मुलींसाठी मेडोज टेलरची 'अ नोबल क्वीन' ही १८७८ ची कादंबरी तिच्यावरच आहे. टेलर निजामाच्या नोकरीत होता, दख्खन त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पण तो साहेबाच्या नजरेने लिहितो, हे मुलीला आधी सांगून ठेवावे.

अद्भुत कादंबऱ्यांबद्दल बोधेगावच्या एका भगिनीने स्पष्ट विचारले आहे: जादू हराम, मग जादूच्या गोष्टी मुलांना का द्यायच्या? फतवा देणे माझे काम नाही, तो आलिमांचा प्रांत. शिक्षिका म्हणून एवढेच सांगते की, सातवीतल्या मुलाला गोष्टीतला जिन्न आणि ताईत विकणारा बाबा यांतला फरक कळतो. नसेल कळत तर गोष्ट वाचूनच तो कळायला सुरुवात होते, कारण गोष्ट स्वतःच सांगते की मी गोष्ट आहे. बाबा तसे सांगत नाही. आणि आपल्या घरांत अमीर हमजाची दास्तान पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलीच की. अकबराने तिची चौदाशे चित्रे काढून घेतली. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून तिचे सेहेचाळीस खंड निघाले, 'तिलिस्मे होशरुबा' त्यातलाच एक भाग. उमर अय्यारची झंबील आठवते? तिच्यात आख्खे शहर मावायचे.

मराठीलाही अद्भुताची गोडी लावण्यात याच गोष्टींचा मोठा वाटा आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या आणि विष्णुशास्त्र्यांनी त्या पुढे नेल्या. हे मुलांना जरूर सांगा, त्यांना अभिमान वाटतो. फक्त मुलांच्या हातात संक्षिप्त आवृत्तीच द्या. गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून केलेले खंड उत्तम आहेत, पण ते मोठ्यांसाठी.

नाथमाधवांची 'वीरधवल' शंभर वर्षांहून जुनी आहे, तरी आठवीतला मुलगा अजून ती एका बैठकीत संपवतो, हे मी शाळेत पाहिले आहे. टॉल्किनचे 'स्वामी मुद्रिकांचा' मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणले आहे. ते धीराने वाचणाऱ्या मुलांसाठी. आणि ज्यांना जादूच नको वाटते, त्या घरांसाठी अंदलुसच्या इब्ने तुफैलची 'हय्य बिन यकजान': निर्जन बेटावर हरिणीने वाढवलेला मुलगा, निरीक्षण आणि विचार करत करत स्वतःच्या अकलेने अल्लाहपर्यंत पोहोचतो. बाराव्या शतकातले हे पुस्तक १७०८ मध्ये थेट अरबीतून इंग्रजीत आले, 'रॉबिन्सन क्रूसो'च्या अकरा वर्षे आधी.

उर्दूत सगळ्यांत जास्त मते कृष्णचंदर यांच्या 'उल्टा दरख्त'ला पडली. झाड वर न वाढता जमिनीत खाली खाली वाढते आणि एक गरीब मुलगा त्याच्यावरून खाली उतरत जातो, अजब शहरे पाहत. हसवता हसवता यात राजे आणि सावकार यांची चांगली खबर घेतली आहे. त्यापाठोपाठ सिराज अन्वर यांचे 'खौफनाक जजीरा', दिल्लीच्या 'खिलौना' मासिकातून आलेले.

पुस्तके मिळायची कुठे, हा प्रश्न सगळ्यांचाच. मराठीसाठी तालुक्याचे वाचनालय. तिथे नाव नसेल तर मागणी वहीत लिहा, दोन-चार घरांनी एकच नाव लिहिले तर ते मागवतात. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. उर्दूसाठी रेख्ताचे संकेतस्थळ. आपली बरीच मुले मराठी शाळेत शिकतात, कुरआन वाचतात, पण उर्दू गोष्ट वाचता येत नाही. अशा घरांत इशानंतर अम्मीने रोज चार पाने वाचून दाखवावीत. घोटणच्या एका भगिनीने 'उल्टा दरख्त' असेच सुरू केले आहे. ती मुद्दाम गोष्ट रंगात आल्यावर थांबते आणि मोबाइल उशाशी ठेवून झोपते. तिने कळवले आहे की, आठव्या रात्री मुलगा एकेक अक्षर लावत पुढचे पान स्वतःच वाचत बसला होता.