त्यांचे रोहित्र, आमची डीपी

केंद्राची 'पीएम ई-ड्राइव्ह' योजना २०२४ साली आली. रक्कम १०,९०० कोटी. पैकी २,००० कोटी विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी. सरकारी कचेरीच्या आवारातले चार्जर सर्वांना खुले ठेवले, की रोहित्रासकट सगळा खर्च सरकारचा.

आमचा विरोध नाही. धूर घटला तर आमचेही भलेच आहे. पण माप एकच हवे. ज्वारीचा दाणा भरायच्या वेळी डीपी जळते. एका पाण्यावाचून पीक करपते. तेव्हा वर्गणी कोण काढतो? ट्रॅक्टर कोणाचा लागतो? आमचाच!

आम्ही खैरात मागत नाही. कचेरीला रोहित्र हा हक्क, तर शिवारालाही तो हक्कच. गावची डीपी किती दिवस बंद होती आणि वर्गणी किती गेली, ते लिहून बैठकीला आणा. हिशेब तिथेच मांडू.