नऊ महिने आणि अडीच वर्षांची रांग

अमेरिकेच्या सरकारी भाडे-मदतीच्या नियमांत एक समंजस तरतूद आहे. एकटी गरोदर बाई 'सेक्शन ८'च्या व्हाउचरसाठी आली, तर घर किती मोठे द्यायचे हे ठरवताना तिला दोन माणसांचे कुटुंब धरतात. गरोदरपणाचे कारण देऊन घर नाकारणे तर १९८८च्या कायदादुरुस्तीनेच बेकायदा ठरवले.

खोल्या मोजताना बाळ धरले जाते. रांगेत मात्र त्याला कोणी विचारत नाही.

१९७४च्या कायद्यातून आलेल्या या योजनेत कुटुंबाने उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के रक्कम भाड्यापोटी द्यायची; उरलेले भाडे सरकारी पैशातून थेट घरमालकाला जाते. सुमारे २३ लाख कुटुंबे या आधारावर राहतात. पण ही मदत हक्काची नाही. संसद जेवढा पैसा मंजूर करील, तेवढीच व्हाउचर. त्यामुळे चार पात्र कुटुंबांपैकी साधारण एकालाच केंद्राची भाडे-मदत मिळते आणि ज्यांना व्हाउचर मिळते त्यांनी सरासरी अडीच वर्षे वाट पाहिलेली असते. २०२२ मध्ये लॉस एंजलिसने यादी उघडली, तेव्हा दोन लाखांहून अधिक अर्ज आले आणि ३० हजार नावे सोडतीने निवडली गेली. म्हाडाची सोडत पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. फरक एवढाच, की तिथे नशिबाने घर लागत नाही, रांगेतला नंबर लागतो.

व्हाउचर हाती आल्यावरही घर स्वतःच शोधायचे, तेही ठरलेल्या मुदतीत. अनेक राज्यांत घरमालक व्हाउचर सरळ नाकारू शकतो. दिवस भरत आलेल्या बाईने किती दारे ठोठावायची?

ओहायोतील कोलंबस शहरात २०१८ साली वेगळा प्रयोग सुरू झाला. बेघर होण्याच्या उंबरठ्यावरच्या शंभर गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना भाडे आणि घर शोधायला मदत दिली, बाकीच्यांना नेहमीच्या सेवा. मदत मिळालेल्या गटात ५१ पैकी ४० बाळे पूर्ण दिवसांची आणि चांगल्या वजनाची जन्मली. दुसऱ्या गटात ४४ पैकी २४. नवजात अतिदक्षता विभागातला सरासरी मुक्काम पहिल्या गटात ८ दिवसांचा, दुसऱ्यात २९ दिवसांचा. प्रयोग लहान होता, पण अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

वृद्ध आणि अपंगही रांगेत आहेत, मग गरोदर बाईलाच पुढे का घ्यायचे, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर मुदतीत आहे. उशिरा मिळालेले घर वृद्धाच्या तरी कामी येते. गरोदरपणासाठीची मदत दहाव्या महिन्यात देता येत नाही. शिवाय अमेरिकेतली सुमारे ४० टक्के बाळंतपणे 'मेडिकेड' या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या खर्चाने होतात. भाड्यात वाचवलेला पैसा अतिदक्षता विभागाच्या बिलात सरकारच भरते. प्राधान्यक्रम ठरवण्याचा बराचसा अधिकार स्थानिक गृहनिर्माण संस्थांकडे असल्याने सुरुवात तिथूनच व्हावी.

आपल्याकडे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात. ते पोषण आणि बुडालेल्या मजुरीसाठी आहेत, भाडे त्यांच्या हिशेबात नाही. मुंबई-पुण्याच्या महापालिकांकडे स्वतःची प्रसूतिगृहे आहेत. तिथे नाव नोंदवणाऱ्या, घर सुटण्याच्या बेतात असलेल्या थोड्या भाडेकरू स्त्रियांना वर्षभर भाडे-मदत देऊन बाळांची वजने तपासायला फार मोठी यंत्रणा लागणार नाही.