दुर्बीण बिघडलेली नसते

पावसाळा सरला की शाळा, महाविद्यालये आणि हौशी खगोल मंडळे यांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम सुरू होतात. अलीकडे त्यांत संगणकीकृत दुर्बीणही दिसते. हातातल्या कंट्रोलरवर ‘शनी’ निवडायचा, मोटर फिरणार आणि दुर्बीण आपोआप शनीवर जाऊन थांबणार, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती पुष्कळदा भलतीकडेच थांबते. मुलांची रांग ताटकळते, ‘यंत्र बिघडलं’ असे कोणीतरी जाहीर करते आणि मोठी रक्कम मोजून आणलेली दुर्बीण पुन्हा कपाटात जाते. बिघाड मात्र अनेकदा यंत्रात नसतोच. कंट्रोलरला दिलेली माहिती चुकलेली असते. म्हणूनच कंट्रोलरच्या सेटिंग्जना तांत्रिक कटकट न समजता त्या खगोलशास्त्राचा पहिला धडा म्हणून शिकवल्या पाहिजेत.

कंट्रोलरच्या स्मृतीत हजारो तारे, तेजोमेघ आणि दीर्घिकांची यादी असते, पण त्याला आकाश दिसत नाही. तो फक्त गणित करतो. त्यासाठी त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: दुर्बीण पृथ्वीवर कुठे आहे, आत्ता तारीख-वेळ काय आहे आणि दुर्बिणीचे तोंड कोणत्या दिशेला आहे. पंचांग वापरणाऱ्या मराठी घरांना यात नवे काही नाही. मुंबईच्या पंचांगातली सूर्योदयाची वेळ नागपूरला जशीच्या तशी चालत नाही. गावाप्रमाणे फरक करावा लागतो. कंट्रोलरही तोच फरक करतो, फक्त गाव कोणते ते त्याला कळवावे लागते.

यातली सर्वांत महागात पडणारी चूक वेळेची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांना १ अंश. पूर्ण चंद्राचे बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे असते. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. तिथे नुसते ‘अधिक ५’ निवडले की अर्ध्या तासाची, म्हणजे साडेसात अंशांची चूक होते. शेजारी शेजारी पंधरा चंद्र मांडावेत एवढे हे अंतर. साध्या नेत्रिकेतून एका वेळी एक-दीड अंश आकाश दिसते. शनी तिथे सापडणार कसा? ‘डेलाइट सेव्हिंग’ हा पर्याय भारतात कायम बंद हवा. तो चुकून चालू राहिला तर चूक १५ अंशांची होते.

तारखेचा घोळ आणखी गमतीचा. अनेक कंट्रोलर अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस मागतात. ५ डिसेंबरला आपल्या सवयीने ०५/१२ लिहिले की यंत्र १२ मे समजते आणि जवळजवळ अर्धे वर्ष पलीकडचे आकाश शोधू लागते. २५/१२ लिहिले तर ते निदान नकार तरी देते. ०५/१२ मात्र निमूट स्वीकारते. रेखांशाच्या पुढे ‘पूर्व’ निवडायचे राहिले तर पुण्याची दुर्बीण स्वतःला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला समजते. मोबाइलवर पुण्याचा अक्षांश १८.५२ दिसतो, पण कंट्रोलरला तो १८ अंश ३१ मिनिटे असा द्यावा लागतो. ही चूक तुलनेने लहान असली तरी टाळता येण्याजोगी आहे.

यानंतर यंत्राला दोन-तीन तारे दाखवून त्याची दिशा पक्की करायची असते. तारे बरोबर दाखवले तर आधीच्या बऱ्याच चुका यंत्र सावरून घेते. अडचण अशी की वेळ चुकल्यामुळे दुर्बीण ताऱ्याच्या बाजूला कुठेतरी थांबते आणि नवखा माणूस जवळचा कोणताही ठिपका मध्यावर आणून ‘हाच तो’ म्हणून बटण दाबतो. तिथून पुढे सगळेच चुकत जाते. त्यात भाषेचा प्रश्नही आहे. चित्रा, स्वाती, मघा, रोहिणी ओळखणारे शिक्षक आजही पुष्कळ आहेत. पण कंट्रोलर स्पायका, आर्क्टुरस, रेग्युलस, अल्डेबरान विचारतो. दोन्ही नावांचा एक तक्ता जवळ असला तर ही अडचण मिटते.

काही दोष खरोखर यांत्रिक असतात. दिशा बदलताना दुर्बीण क्षणभर हलतच नसेल, तर ती गिअरमधली ढिलाई असते. त्यासाठी कंट्रोलरमध्ये वेगळे सेटिंग असते. ते थोडे थोडे वाढवत जावे, फार वाढवले तर दुर्बीण उडी मारते. बॅटरी उतरल्यावरही यंत्र वेड्यासारखे वागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

जीपीएस आणि मोबाइल अॅपवर चालणाऱ्या दुर्बिणी आल्यावर हे सगळे शिकायचे कशाला, असा प्रश्न रास्त आहे. स्थळ आणि वेळ आपोआप भरली जात असेल तर ती सोय जरूर घ्यावी. पण तिपाई तिरकी आहे का, मध्यावर आणलेला तारा खरोखर स्वाती आहे का, हे बऱ्याच दुर्बिणींच्या बाबतीत आजही माणसालाच पाहावे लागते.

एका सेटिंगला मात्र हात लावण्याआधी दहादा विचार करावा. काही कंट्रोलरमध्ये सूर्य मुद्दाम यादीबाहेर ठेवलेला असतो. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर योग्य सौरफिल्टर बसवल्याशिवाय आणि शोधक दुर्बीण झाकल्याशिवाय तो यादीत आणू नये. डोळ्याच्या पडद्याला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे इजा होत असताना ती कळतही नाही.

दुर्बीण विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने पेटीच्या झाकणावर एक कार्ड चिकटवावे: गावाचे अक्षांश-रेखांश, अधिक साडेपाच तास, डेलाइट सेव्हिंग बंद, तारीख लिहिण्याचा क्रम आणि ताऱ्यांची दोन्ही नावे. आणि ही माहिती शिक्षकांनी नव्हे, विद्यार्थ्यांनी भरावी. आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत आणि ती कशी फिरते आहे, हे त्या अर्ध्या तासात जेवढे कळेल तेवढे नुसता शनी पाहून कळणार नाही. शिवाय मग शनीही दिसेल.