कामाच्या गावी एक दिवस

पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या वहिनींचा मुलगा घरी आला होता. वाळूजच्या एका कारखान्यात तो डिझाइन विभागात आहे. कंपनी त्याला महिनाअखेरीस सहा दिवसांसाठी जर्मनीला पाठवते आहे. पहिलाच परदेश प्रवास! चहा झाला, थंडीच्या कपड्यांची चर्चा झाली, मेथीचे लाडू मोठ्या बॅगेत ठेवायचे की हातातल्या, यावर त्याच्या आईने आणि माझ्या पत्नीने आपापली ठाम मते मांडली. दोघी आत गेल्या तसा तो खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "काका, काम सांभाळून एखादा दिवस कुठे फिरून आलो तर चालतं का हो? साहेबांना कळलं तर?"

प्रश्न साधा होता, पण त्या हळू आवाजाने मी बेचैन झालो. चांगला शिकलेला, कष्टाळू मुलगा जग पाहण्याची इच्छा अशी बोलून दाखवतो, जणू कंपनीच्या गल्ल्यात हात घालायची परवानगीच मागतो आहे.

हा आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. आमच्या गारखेड्यात सकाळी सूतगिरणी चौकात उभे राहा; कंपनीच्या बसची वाट पाहणारी माणसे दिसतील. त्यांतल्या कित्येकांच्या पासपोर्टवर शिक्के आहेत. ऐंशीच्या दशकात वाळूज बहरले, मागाहून शेंद्रा आले, आणि यंत्रे घ्यायला, ती चालवायला शिकायला, सुटे भाग विकायला इथली माणसे जर्मनी, जपान, कोरियाला जाऊ लागली. परत आल्यावर त्यांना विचारा, काय पाहिलेत? विमानतळ, हॉटेल आणि कारखान्याचे गेट. फार तर फ्रिजवर लावायचे एक चुंबक, तेही विमानतळावरच घेतलेले.

मी मात्र पाहिले होते. चोरून.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये डुसेलडॉर्फला 'के' हे प्लॅस्टिक उद्योगाचे प्रदर्शन होते. ते दर तीन वर्षांनी भरते आणि साऱ्या जगातले प्लॅस्टिकवाले तिथे लोटतात. आमचा दोघा भागीदारांचा लहानसा कारखाना. एक इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र घ्यायचे ठरले होते. दोघांच्या तिकिटांचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून मी गेलो आणि भागीदार रात्रपाळी सांभाळत मागे राहिला. ऐन दसऱ्याचे दिवस. आई म्हणाली, "यंदा खरं सीमोल्लंघन तुझंच."

चार दिवस एका दालनातून दुसऱ्या दालनात हिंडलो. माहितीपत्रकांच्या ओझ्याने खांदे आणि चालून चालून पाय भरून आले. पाचव्या दिवशी सकाळी काय वाटले कोण जाणे, प्रदर्शनाची वाट सोडून कोलोनच्या गाडीत बसलो. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. स्टेशनाच्या दारातून बाहेर पाऊल टाकले आणि समोर ते काळवंडलेले प्रचंड कॅथेड्रल! १५७ मीटर उंच. १२४८ मध्ये पायाभरणी झाली आणि काम पूर्ण झाले १८८० मध्ये. मधली पावणेतीनशेहून अधिक वर्षे तर काम बंदच होते. अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी होती म्हणे. आमच्याकडे एखादे काम तीन महिने रखडले की बँकेचे फोन सुरू होतात!

दक्षिणेकडच्या मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या धापा टाकत चढलो. खाली ऱ्हाइन नदी, तिच्यावरचा रेल्वेचा पूल. या लोकांनी दगडावर दगड चढवत सहाशे वर्षे हे उभे केले. आणि आमच्या वेरूळला आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळात, माणसे डोंगराच्या माथ्यावर चढली आणि वरून खाली कोरत आली. माझा धंदा साचे बनवण्याचा. पोलादाच्या ठोकळ्यातून नको तेवढे काढून टाकायचे. एक कात्री चुकली, जास्त कापले गेले, की किती दिवस पाण्यात जातात ते मला विचारा. कैलास लेण्यात तर दुरुस्तीला जागाच नव्हती. त्या मनोऱ्यावर उभा राहून मी कैलासाचे शिखर आठवू लागलो आणि ते मला आठवेना. पाहुण्यांना घेऊन दहा वेळा वेरूळला गेलो असेन, पण त्यांना आत पाठवून बाहेर गाडीजवळ पेरू खात उभा राहणारा मी!

रात्री भागीदाराला फोनवर सांगितले, "दिवसभर हॉलमध्येच होतो." परतल्यावर रोल धुवायला टाकला आणि फोटोंचे पाकीट नेमके त्याच्याच हाती पडले. यंत्रांच्या फोटोंमध्ये कॅथेड्रल. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "सांगून गेला असतास तर मी नको म्हटलं असतं का?" त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

यातून मी शहाणा झालो असे समजू नका. पुढच्या वर्षी यंत्र आले आणि ते बसवायला तिकडचा तंत्रज्ञ वाळूजला आला. पहिल्याच दिवशी त्याने विचारले, वेरूळ किती लांब? म्हटले, तासाभरावर, काम झाले की नेतो. काम रोज थोडे उरत गेले आणि मीही त्याला सोडत नव्हतो. सोमवारी रात्री यंत्र सुरळीत चालू लागले. बुधवारी सकाळी त्याला निघायचे होते. म्हणजे मंगळवार मोकळा. आणि मंगळवारी वेरूळ बंद असते! या गावात जन्म काढलेल्या माणसाच्या हे लक्षात नसावे? त्याने विचारले, "बाहेरून थोडं तरी दिसेल?" दिसत नाही. कैलासाच्या पुढे दगडाची उंच भिंत आहे. दौलताबाद दाखवून त्याची बोळवण केली. पुढच्या रविवारी मी एकटाच वेरूळला गेलो आणि पाच तास आत होतो. छिन्नीच्या खुणा, मंदिर पाठीवर पेलणारे हत्ती, दक्षिणेच्या अंगाला कैलास हलवणारा रावण, सगळे वयाच्या पन्नाशीला पहिल्यांदा पाहिले.

धंद्याच्या वाटेवर चार गोष्टी पाहणे यात नवे काहीच नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याकडे निघाला असता त्याला संगमरवर लादलेल्या तीनशे गाड्या दिसल्या. सर्वांत लहान गाडीला बारा बैल. तो हिऱ्यांच्या व्यापाराला निघाला होता, पण बैल मोजायला विसरला नाही, म्हणून बीबी का मकबऱ्याची गोष्ट सांगताना आजही त्याची साक्ष काढतात.

आता मी मालकही आहे, तेव्हा मालकाची बाजूही सांगतो. काम अर्धे टाकून फिरू नये. जादा दिवसाचे हॉटेल, रेल्वे, तिकिटे आपल्या खिशातून; कंपनीच्या व्हाउचरमध्ये ती घुसडू नयेत. खासगी खर्च हा धंद्याचा खर्च होत नाही, हे प्राप्तिकर खातेही सांगते. पण एवढे पाळणाऱ्याला एक दिवस उघडपणे देताना मालकाचे काय जाते? फिरून आलेला माणूस जास्त काम करतो असे व्यवस्थापनाची पुस्तके सांगतात. करत असेलही. प्रत्येक गोष्टीत कंपनीचा फायदा शोधण्याची ही सवय मला आवडत नाही. गारखेड्यातल्या बहुतेक घरांना चौघांचे युरोपचे तिकीट परवडत नाही. कंपनीच्या तिकिटावर गेलेला एकटा माणूसच त्या घराचे डोळे असतो. तो रात्रीच्या जेवणाला काय सांगणार? हॉटेलच्या खोलीचा नंबर?

त्या मुलाला मी म्हटले, चोरून जाऊ नकोस, साहेबांना सरळ विचार. आणि पाच गावांची यादी करू नकोस. एकच ठिकाण धर.

काल संध्याकाळी तो परत आला. साहेब क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "शनिवार घे. हॉटेलचं बिल तुझं." त्याने कोलोन ठरवले आहे. हातात दुसराही एक कागद होता. डिसेंबरात तिकडचे दोघे इंजिनिअर चार दिवसांसाठी वाळूजला येणार आहेत आणि त्यांचा कार्यक्रम यालाच आखायला सांगितला आहे. वेरूळ त्याने मंगळवारी टाकले होते. मी पेन मागून घेतले, मंगळवार खोडून बुधवार केला आणि म्हटले, "दुपारनंतर ने. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे, ऊन समोरून येतं."